पायरीपर्यंतची शाळा

सूर्यभानला शाळेत आणायला चार पोरं लागायची. दोघं हाताला, दोघं पायाला. डावा पाय माझ्याकडे असायचा.

हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पण त्या वयात मला त्याची फुशारकीच वाटायची, हेही लपवत नाही. मी कुणब्याचा पोर, अंगानं दांडगा. वामनराव पंतोजींनी ‘उत्तम्या, ऊठ’ म्हटलं की आपण फौजेत भरती झालो असं वाटायचं. बार्शीटाकळीत तेव्हा शाळा म्हणजे देवळाची ओसरी. एखादं पोरगं आलं नाही की पंतोजी चार दांडगी पोरं त्याच्या घरी धाडत, आणि ती पोरं त्याचे हातपाय धरून, झोळीसारखं झुलवत, भर बाजारातून त्याला घेऊन येत. याला उचलबांगडी म्हणायचे. एकदा उचलबांगडी झालेलं पोरगं महिनाभर सगळ्यांच्या आधी येऊन बसायचं, इतकी त्याची लाज. आताशा लोक हा शब्द साहेबांच्या बदलीला वापरतात. त्यांना एकदा खरोखर उचलून दाखवायला हवं.

पण मला लिहायचं आहे ते सूर्यभानच्या आईबद्दल, मनकर्णाकाकूबद्दल. तिच्यावर दुसरं कुणी चार ओळी लिहील असं मला वाटत नाही, आणि माझं वय झालं आहे.

मनकर्णाकाकू माळ्याची. नदीकाठी त्यांचा मळा होता. वांगी, मेथी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर. उंचीनं ठेंगणी, आवाजानं खणखणीत, आणि तोंडाची अशी फटकळ की तिच्या पाटीतलं वांगं कुणी दाबून पाहिलं की ती म्हणायची, ‘‘काहून दाबून राहिला बापा? त्याची नाडी पाहून राहिला का?’’ ती रोज देवळाच्या पायरीशी भाजी घेऊन बसे, म्हणजे आमच्या शाळेच्या अगदी समोर. शाळेत काय चाललं आहे ते तिला सगळं ऐकू यायचं आणि आम्हालाही तिचं सगळं ऐकू यायचं.

ते दिवस कापसाचे होते. सात समुद्रांपलीकडे कुठं तरी लढाई पेटली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव आला की माणसं येडी झाली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसल्या. ज्याच्या त्याच्या घरात रेचा कुरकुरू लागला. रेचा म्हणजे दोन लाकडी रुळांचं हातयंत्र. एकानं मूठ फिरवायची, दुसऱ्यानं कापूस चारायचा. रुई पलीकडे निघते, सरकी अलीकडे पडते. मनकर्णाकाकूचा थोरला दीर नत्थुजी, जो मळ्याची मोट हाकायचा, तोही म्हणाला, वांगी उपटू आणि कापूस लावू. ती म्हणाली, ‘‘अन् खाशान काय? कापूस?’’ वांगी राहिली. फावल्या वेळात मात्र तीही लोकांचा कापूस रेचून द्यायची.

तिचा नवरा कापसाच्या गाड्या घेऊन खामगावकडे गेला होता तो परत आलाच नाही. वाटेत पटकीनं गेला. सूर्यभान तेव्हा चार वर्षांचा. कुणी परगावचा गाडीवान घाईघाईत एक पत्र देऊन गेला होता. घरात कुणाला वाचता येत नव्हतं. तिनं ते कोनाड्यात जपून ठेवलं, की नवरा आला म्हणजे तोच कुणाकडून तरी वाचून घेईल. आठ दिवसांनी वामनराव पंतोजी भाजी घ्यायला आले तेव्हा सहज तिनं ते दाखवलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं आणि खाली बसले. ती आठ दिवस कुंकू लावत होती.

म्हणून तिला पोरगं शिकवायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं. ‘‘याले आलेलं पत्र वाचता आलं पायजे,’’ एवढंच ती म्हणायची.

आणि पोरगं असं! आठनऊ वर्षांचं, काटकुळं, डोळे लुकलुक. आम्ही धुळपाट्यांवर लिहायचो. पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि काडीनं अक्षर काढायचं. सूर्यभान स्वतःच्या पाटीवर अर्धा ‘ग’ काढायचा आणि उठून शेजाऱ्याच्या पाटीवर फुंकर मारायचा. सकाळभर घोटलेली अक्षरं उडून त्याच्या नाकातोंडात जायची. पंतोजींनी पाढा विचारला एकाला की उत्तर हा द्यायचा, आणि याला विचारला की हा छपरातली चिमणी पाहत असायचा. ‘बस’ म्हटलं तर ‘नाई बसत’. ‘ऊठ’ म्हटलं तर ‘नाई उठत’. छडी खायचा, ओणवं उभा राहायचा, अंगठे धरायचा, आणि अंगठे धरल्या धरल्या पायांच्या मधून उलटं पाहत मला वेडावून दाखवायचा. पंतोजी काही दुष्ट नव्हते, हे सांगायला पाहिजे. दम्यानं हैराण, घर लांब वाशिमकडे, लोक देतील त्या शिध्यावर गुजराण. त्यांना शिकवण्याच्या दोनच रीती ठाऊक होत्या, एक तोंडाची आणि एक छडीची.

उचलबांगडीनंसुद्धा सूर्यभान वठणीवर येईना. पहिल्या दोन खेपांना त्यानं आम्हाला चावे घेतले. तिसऱ्या खेपेला तो हसायला लागला. नंतर तर तो मान मागं टाकून आभाळ पाहत यायचा, बाजारातल्या ओळखीच्या लोकांना ‘राम राम’ करत. आम्ही घामाघूम आणि याची वरात. मला तेव्हा त्याचा भयंकर राग यायचा. तो मुद्दाम लपायचा, उचलून न्यावं म्हणून लपायचा, हे आम्हा चौघांपैकी एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही. पायरीवर बसलेल्या त्याच्या आईनं ते ओळखलं, पण तेही नंतर. आधी तिनंही चूक केली, आणि ती चूक आमच्या चुकीहून मोठी होती.

दिवाळी झाली आणि पंतोजींनी तिला सांगितलं, ‘‘मनकर्णाबाई, माघात अकोल्याहून शाळा तपासायला डिपोटी साहेब येणार आहेत. परीक्षा घेतील. त्यांच्या मनास आलं तर ही शाळा सरकारी होईल, आणि मला म्हातारपणी चार घास सुखाचे मिळतील. हा मुलगा त्या दिवशी शाळेत असला तर माझं काही खरं नाही. तोवर सुधारला तर ठेवतो. नाही तर घेऊन जा.’’

नत्थुजीनं ते ऐकलं. तो म्हणाला, ‘‘पंतोजीनं काढला का मी त्याले सडकेच्या कामावर नेतो. मातीची टोपली उचलन तं सुधरन.’’ अकोल्याकडे तेव्हा आगगाडीच्या लोखंडी सडकेसाठी मातीचे बांध पडत होते. पोटासाठी गेलेली पोरं तिथून तापानं फणफणून परत यायची, कधी यायचीच नाहीत. होळीनंतर न्यायचं असं ठरलं. आणि घरात शब्द चालायचा तो नत्थुजीचा.

मनकर्णाकाकू घाबरली. घाबरलेल्या माणसाला सल्ला द्यायला सगळं गाव येतं. पोराच्या पायांत वारं भरलं आहे, असं कुणी तरी म्हणालं, आणि नदीपलीकडच्या एका भगतानं त्याच्यावर इलाज सांगितला. बिब्बा तापवून दोन्ही तळपायांना सात सात डाग. नत्थुजीनं पोराला धरलं. मनकर्णाकाकूनं तोंड फिरवलं, पण ‘नको’ म्हटलं नाही. हे तिनं स्वतः मला पुढं सांगितलं, आणि सांगताना तेव्हाही तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवसापासून सूर्यभान शाळेत बसू लागला. नत्थुजी त्याला खांद्यावरून आणून ओसरीवर ठेवी आणि संध्याकाळी घेऊन जाई. आठ दिवस तो जागचा हलला नाही. फुंकर नाही, वेडावणं नाही. पंतोजींनी ‘ग’ काढ म्हटलं की काढायचा. चिमणीकडेही पाहायचा नाही. पाय धोतराखाली दुमडून घेतलेले, त्यामुळे आम्हाला काही कळलं नाही. आम्हाला वाटलं, आला ताळ्यावर. आणि खरं सांगतो, मला शाळा एकदम बेचव वाटायला लागली.

आठव्या दिवशी पंतोजी ओसरीच्या कडेशी आले आणि पायरीवर भाजी मांडून बसलेल्या मनकर्णाकाकूला मोठ्यानं म्हणाले, ‘‘बाई, मुलगा वळणावर आला हो! शेवटी छडीनं काम केलं.’’

ती उठली. पायऱ्या चढून वर आली. बायकांनी शाळेत पाऊल टाकायचं नाही असा काही नियम नव्हता, कारण कुणी टाकेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तिनं सूर्यभानचे दोन्ही पाय धरले आणि तळवे पंतोजींकडे वळवले.

‘‘हे पाहा तुमचं वळण,’’ ती म्हणाली. ‘‘अन् माहं बी. आठ दिस झाले, पोरगं माह्यासंग बोलून नाई राहिलं. असं शांत पोरगं मले नोको पंतोजी. मेलेलं बी शांतच असते.’’

पंतोजींनी पाहिलं. मीही पाहिलं. त्यातला डावा पाय मी कितीदा धरला होता. पंतोजींनी छडी देवळाच्या खांबाशी टेकवून ठेवली. त्या दिवशी त्यांनी शाळा लवकर सोडली.

पाय बरे झाले आणि पंधराव्या दिवशी सूर्यभान बाजारातून धावत सुटला. कुणाची तरी मिरच्यांची रास पायानं उधळली. लोक शिव्या देत होते. मनकर्णाकाकू एकटी डोळे पुसत हसत होती.

त्या दिवसापासून तिनं पोराला मारणं सोडलं आणि पाहणं सुरू केलं. ती माळीण होती. कोणतं रोप कुठल्या वाफ्यात धरतं हे पाहत बसायची तिला सवय होती. तिनं पाहिलं की पोरगं कुठंच बसत नाही, पण रेच्यापाशी बसतं. मूठ फिरवायची असली की दोन दोन घटका बसतं. एकदा ती कापूस चारत होती आणि पोरगं मूठ फिरवता फिरवता स्वतःशीच बडबडत होतं. ‘एक औट औट, बे औटे सात, तीन औटे साडेदहा...’ साडेतीनाचा पाढा! मला तो अजून येत नव्हता, मी तेरा वर्षांचा घोडा. तो छपरातल्या चिमणीकडे पाहत होता तेव्हा सगळं ऐकतही होता. हात रिकामे असले की ते त्याच्या तोंडातून निघत नव्हतं, एवढंच.

ती पंतोजींकडे गेली. आम्ही सगळे कान टवकारून होतो.

‘‘पंतोजी, माघापर्यंत माह्या रीतीनं पाहा. नाई जमलं तं मीच त्याले काढतो. पयली गोष्ट, त्याले उचलून आणू नोका. त्याले ते गोड लागते. त्याले धाडा दुसऱ्याले बलावाले.’’

‘‘आणखी?’’ पंतोजींच्या कपाळाला आठी पडली होती.

‘‘बस म्हणू नोका. म्हणा, पाणी भरतो का पाटी पुसतो? त्याले हुकूम दिला का तो नाईच म्हणते. दोन गोष्टी ठेवल्या का एक उचलते. मोटेचा बैल नाई का, मारला का आडवा होते, अन् उगंमुगं दोर हातात ठेवला का आपल्या पायानं मागं येते.’’

‘‘म्हणजे आता बैलाच्या रीतीनं मी विद्या शिकवू?’’

‘‘मंग आता कोन्या रीतीनं शिकवून राहिले?’’

आम्ही हसलो. पंतोजींनी खांबाकडे पाहिलं, पण छडी घेतली नाही. मला वाटतं, ते तळवे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले नव्हते. ते म्हणाले, ‘‘बरं. माघापर्यंत.’’

‘‘अन् रेचा मी ओसरीच्या कोपऱ्यात आणून ठेवतो,’’ ती जाता जाता म्हणाली आणि त्यांनी नाही म्हणायच्या आत पायऱ्या उतरून गेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी पोट दुखतं असं सांगून घरी झोपलो होतो. सूर्यभान आला. एकटाच. माझ्या आईला म्हणाला, ‘‘उत्तम्याले पंतोजीनं बलावलं.’’ मी म्हटलं, ‘‘नाई येत.’’ त्यानं माझा डावा पाय धरला आणि ओढायला लागला. त्याच्या दुप्पट मी, पण त्या काटकुळ्या पोरानं मला खाटेवरून खाली पाडलं आणि दारापर्यंत फरफटत नेलं. माझी आई हसून हसून बसली. मी मुकाट शाळेत गेलो. त्या महिन्यात आमच्या शाळेत एकही पोरगं घरी राहिलं नाही.

पण सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. ज्याला तसं वाटतं त्यानं असं पोरगं एक दिवस सांभाळून पाहावं. एकदा त्यानं पाण्याचा रांजण फोडला. एकदा एका पोरानं त्याला चिडवलं म्हणून त्याच्या डोळ्यांत धूळ फेकली, आणि पंतोजी आवरायला गेले तर त्यांच्या मनगटाला चावला. पंतोजी छडीकडे वळले. पायरीवर मनकर्णाकाकू उभी राहिली, पण बोलली नाही. तिनं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की तो तापला असला की बोलायचं नाही, जवळ उभं राहायचं, धुमसून धुमसून आपोआप थंड होतो. पंतोजी मनगट चोळत त्याच्याजवळ उभे राहिले. बराच वेळ. त्यांना धाप लागली होती. मग सूर्यभान आपणच उठला, कोपऱ्यात गेला आणि रेच्याची मूठ फिरवायला लागला. थोड्या वेळानं म्हणाला, ‘‘लागलं का पंतोजी?’’ ते म्हणाले, ‘‘लागलं.’’ तो म्हणाला, ‘‘मले बी लागते, तुमी मारता तवा.’’

पंतोजींनी त्या दिवसानंतर आम्हा कुणालाच फारसं मारलं नाही. याचा फायदा मला सगळ्यात जास्त झाला.

हळूहळू रेच्याची सगळ्या शाळेला सवय झाली. सूर्यभान मूठ फिरवायचा, आम्ही आळीपाळीनं कापूस चारायचो, आणि त्या कुरकुरीच्या ठेक्यावर पावकी, निमकी, औटकी म्हणायचो. औटकी मला त्या कोपऱ्यात आली. नत्थुजी एक दिवस पाहून गेला आणि म्हणाला, ‘‘हे काय, शाळेत बी रेचाच? मंग सडकेवर काय वाईट हाय?’’

माघ आला. डिपोटी साहेब घोड्यावरून आले. मराठी बोलणारे, पण डोक्याला तांबडी पगडी आणि बरोबर शिपाई. ओसरीवर चढता चढता त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं.

‘‘ही शाळा आहे की कापसाचा कारखाना?’’

पंतोजी लगबगीनं माझ्याकडे वळले. त्यांनी मला खूण केली. मी आणि आणखी एकानं रेचा उचलला आणि पायऱ्यांखाली, मनकर्णाकाकूच्या पाटीशेजारी नेऊन ठेवला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

परीक्षा सुरू झाली. एकेक पोरगं उठून उभं राहायचं. सूर्यभान माझ्या शेजारी बसला होता. पंतोजींनी त्याला दोनदा पाणी आणायला धाडलं, पण साहेबांनी तिसऱ्यांदा अडवलं, ‘‘पोरांना बसवा हो जागेवर.’’ तो बसला. त्याची बोटं धोतराची दशी पिळत होती. गुडघा हलत होता. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो अजूनच हलायला लागला.

‘‘तू. औटकी येते का?’’

सूर्यभान उभा राहिला. तोंड उघडलं. छपराकडे पाहिलं, मग साहेबांच्या पगडीकडे, मग स्वतःच्या रिकाम्या हातांकडे. ‘‘एक औट...’’ म्हणाला आणि थांबला. साहेब म्हणाले, ‘‘सरळ उभा राहा. पुढे म्हण.’’ तो म्हणाला, ‘‘नाई म्हणत.’’ आणि ओसरीवरून उडी मारून पळाला.

‘‘आणा त्याला धरून!’’ साहेब ओरडले.

पंतोजींनी आमच्याकडे पाहिलं. सवयच ती. आणि आम्ही चौघं उठलो, तीही सवयच. मी एक पाऊल टाकलं आणि मला ते तळवे आठवले. मी तिथंच थांबलो. मागून पंतोजींचा आवाज आला, ‘‘बसा रे. कुणी जायचं नाही.’’

खाली मनकर्णाकाकूनं पोराला हाक मारली नाही. रागावली नाही, कुरवाळलंही नाही. ती रेच्याशी बसली आणि मूठभर कापूस घेऊन वाट पाहत राहिली. तो देवळाला एक फेरी मारून आला, दुसरी मारून आला. तिसऱ्या फेरीला तिच्यासमोर बसला आणि मूठ धरली.

कुरकुर सुरू झाली आणि मग त्याचा आवाज. ‘‘एक औट औट, बे औटे सात, तीन औटे साडेदहा, चार औटे चौदा...’’ खणखणीत, आईसारखा. बाजार थांबला. नत्थुजी बैलाचा दोर हातात धरून उभा होता, तोही थांबला. तिसापर्यंत गेला तो, एकही चूक नाही, आणि तिथून वळून उलटा म्हणत खाली आला. ते आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं. पंतोजींनाही येत असेल की नाही, मला शंका आहे.

‘‘साहेब, हा तोच मुलगा,’’ पंतोजी म्हणाले.

‘‘पण तो शाळेत कुठं आहे? तो बाहेर आहे.’’

पंतोजींनी अंगरखा सारखा केला. त्यांना धाप लागली होती. ‘‘माफी असावी साहेब,’’ ते म्हणाले. ‘‘माझी शाळा त्या पायरीपर्यंत आहे.’’

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. त्यांनी कागदावर सूर्यभानपुढे ‘गैरहजर’ असंच लिहिलं. कायदा तो कायदा. शाळा मात्र पुढल्या वर्षी सरकारी झाली.

संध्याकाळी नत्थुजी पंतोजींकडे आला. ‘‘साहेबानं त्याले नापास केलं म्हणते. मंग होळीनंतर मी नेतो त्याले.’’ पंतोजी काही बोलायच्या आत मनकर्णाकाकू मध्ये आली. थोरल्या दिरापुढे ती तोवर कधी पदर न सावरता बोलली नव्हती. त्या दिवशी पदर खांद्यावर तसाच होता.

‘‘भाऊजी, एकडाव तुमी त्याचे पाय धरले अन् मी तोंड फिरवलं. आता नाई फिरवत. तो शाळेत राहीन.’’

नत्थुजीनं हातातला दोर गुंडाळला. मग म्हणाला, ‘‘औटकी उलटी बी म्हणते नं तो?’’ आणि गेला. सडकेचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

सूर्यभान त्यानंतर चार वर्षं शाळेत होता. रोज होता असं नाही, खोटं कशाला सांगू. पुढं तो डाकेचा हरकारा झाला. काठीला घुंगरू बांधून पत्रांची थैली घेऊन पळायचा. एरवी हरकारे थैली पोचवून मोकळे होतात. हा ज्याला वाचता येत नाही त्याच्या दारात उभा राहून पत्र वाचून दाखवायचा. उभा म्हणजे काय, या पायावरून त्या पायावर. वाईट बातमी असली की मात्र आधी खाली बसायचा. ते कुठून शिकला हे आम्हाला माहीत होतं. वरिष्ठांशी भांडणं शेवटपर्यंत चालली, दोनदा नोकरी जाता जाता राहिली. मनकर्णाकाकू पिकल्या केसांनी त्याच पायरीशी भाजी विकत बसायची आणि घुंगरू वाजलं की वांगं हातात तसंच धरून ऐकत राहायची.

ती गेली त्या दिवशी मी गेलो. आम्ही चौघंही होतो, गुडघे दुखणारी चार म्हातारपणाकडे झुकलेली माणसं. कुणी सांगितलं नाही, पण तिरडीला आम्हीच पुढं झालो. डावीकडची मागची बाजू माझ्याकडे आली. सूर्यभान विस्तवाचं मडकं घेऊन पुढं उभा होता. जन्मात पहिल्यांदा मी त्याला इतका वेळ एका जागी उभा पाहत होतो. आम्ही वाकलो आणि बांबूंना हात घातले. तेव्हा तो मागं वळला आणि आम्हा चौघांकडे पाहून म्हणाला,

‘‘हळू उचला रे. तिले उचलून नेल्याची सवय नाई.’’